लेखासाठी माहिती गोळा करणं थांबवायचं कधी?

अर्धी वही (सोमवार, रात्री १०:१०)

नमस्कार मंडळी. इथे कित्येक वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

एका पुरवणीसाठी फीचर लिहायला घेतलंय. विषय : चावीची घड्याळं दुरुस्त करणारे कारागीर. सुरुवात अगदी साधी झाली. घरातलं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं, त्या निमित्ताने कारागिराशी गप्पा झाल्या, त्यांनी दुसऱ्याचं नाव सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याचं. आजचा हिशोब असा : पाच कारागीर, ११ तासांचं रेकॉर्डिंग, अडीच वह्या आणि ब्राउझरमध्ये इतके टॅब की आता नुसत्या रेघा दिसतात. लिहून झालेले शब्द १५०. मर्यादा १८०० ची.

रोज ठरवतो, आज बसायचं. मग वाटतं, अजून त्या एकाला भेटून घेऊ, अजून तेवढं एक वाचून घेऊ. पुरेसं झालं हे तुम्ही कसं ओळखता? आणि जमवलेल्या ढिगाचं करता काय? मसुद्याचा तुकडा खाली देतोय. बिनधास्त हाणा.

"१९६९ मध्ये पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ आलं. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या त्याच्या स्फटिकाने ९० हजार कारागिरांपैकी ६० हजारांच्या पोटावर पाय दिला. पण त्या छोट्याशा दुकानात काळ जणू थांबला होता. भिंतीवरच्या जाहिरातीतल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती, लिंकनच्या मृत्यूची वेळ. वृद्ध कारागिराने थरथरत्या हातांनी भिंग डोळ्याला लावलं..."

उपटसुंभ (सोमवार, रात्री १०:१३)

दोन निरीक्षणं. एक, धागा बरोब्बर १०:१० ला काढलाय, दंडवत घ्या. दोन, घड्याळ झालं का दुरुस्त?

अर्धी वही (सोमवार, रात्री १०:१९)

योगायोग हो! घड्याळ नाही झालं. "बघतो" म्हणालेत.

जुना खिळा (सोमवार, रात्री ११:०२)

बावीस वर्षं पुरवणीचं पान लावलं, आता निवृत्त आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

मुलाखतींपुरतं सांगायचं तर पुढचा माणूस काय बोलणार हे तुम्हाला आधीच कळायला लागलं की थांबा. पाच कारागीर झालेत, पाचव्याने असं काय सांगितलं जे आधीच्या चौघांनी सांगितलं नव्हतं? काहीच नसेल तर सहाव्याकडे जाऊ नका. जाणारच असाल तर कारागीर नसलेल्या माणसाकडे जा. दुरुस्तीला टाकलेलं घड्याळ वर्षानुवर्षं न्यायला न आलेलं गिऱ्हाईक, सुटे भाग पुरवणारा, हा धंदा सोडून दुसरीकडे गेलेला मुलगा. सगळे एकाच बाजूच्या खुर्चीत बसलेले असले की ११ तासांचं रेकॉर्डिंगही एकाच मुलाखतीसारखं होतं.

दुसरं, नुसतं ऐकून भागत नाही, पाहावं लागतं. उमेदवारीत मी एका दीपगृहावर लिहिलं होतं. दोन वह्या भरून आणल्या : भिंगं, जहाजं, वादळातल्या रात्री. लिहायला बसलो आणि तिसऱ्या परिच्छेदात अडलो. हा माणूस दिवसा काय करतो, हे मी बघितलंच नव्हतं. तरीही लिहून दिलं, "दिवसभराचं अथांग एकटेपण" वगैरे. आमच्या तेव्हाच्या संपादकांनी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलं, "अथांग म्हणजे किती वाजल्यापासून?" मुकाट्याने पुन्हा गेलो. दिवसा तो माणूस काचा पुसायचा, मग झोपायचा, मग पुन्हा काचा पुसायचा. लेख त्या काचांवर उभा राहिला.

तेव्हापासून एक खूणगाठ बांधली. न बघितलेलं लिहायची वेळ आली की हात आपोआप विशेषणांकडे जातो. आपलाच मसुदा घ्या आणि जिथे विशेषणं दाटलीत तिथे पेन्सिलीने गोल करा. वहीला तिथे भोक आहे. तुमच्या तुकड्यात "काळ जणू थांबला होता" याला माझा पहिला गोल. घड्याळाच्या दुकानात काळ थांबत नाही हो, तिथे तो प्रत्येक भिंतीवर वेगवेगळा चालू असतो.

स्वल्पविराम (सोमवार, रात्री ११:१५)

शेवटच्या वाक्याला सलाम. बाकी 'जणू'चा 'णू' दीर्घ लिहिल्याबद्दल धागाकर्त्याचं अभिनंदन, इथे दुर्मीळ आहे.

शंकासुर (मंगळवार, सकाळी ७:४०)

नेहमीप्रमाणे वेगळं मत. फीचर म्हणजे प्रबंध नव्हे. अठराशे शब्दांसाठी ११ तास रेकॉर्डिंग हा लिहिणं टाळायचा सभ्य मार्ग आहे. मी पण केलाय, म्हणून ओळखतो. "अजून माहिती हवी" म्हणताना आपण कष्टाळू दिसतो, "सुचत नाही" म्हणताना बावळट दिसतो, एवढाच काय तो फरक.

आणि मुलाखत हवीच असं कुठे लिहिलंय? अमेरिकन पत्रकार गे टलीझ गायक फ्रँक सिनात्रावर लिहायला गेला, सिनात्राने भेट नाकारली, तरी १९६६ मध्ये छापून आलेला तो लेख आजही वर्गात शिकवतात. मुख्य माणूस बोललाच नाही, काय बिघडलं?

जुना खिळा (मंगळवार, सकाळी ९:०५)

शंकासुर, पहिला परिच्छेद शंभर टक्के मान्य. दुसरा मात्र तुमच्यावरच उलटतो. सिनात्रा बोलला नाही म्हणून टलीझ कित्येक आठवडे त्याच्या आजूबाजूच्या माणसांत वावरत राहिला. शंभरावर लोकांशी बोलला. सिनात्राला सर्दी झाली तर त्या सर्दीने कुणाकुणाचा जीव टांगणीला लागतो, हे त्याने दुरून बघितलं. मुलाखत मिळाली असती तर कदाचित कमी कष्टात वाईट लेख झाला असता. मुलाखत नाकारली जाणं हे कष्ट वाचवायचं कारण नाही, वाढवायचं आहे.

बाय द वे, टिपणं काढायला तो शर्टाच्या घडीत येणारे पुठ्ठे कापून खिशात ठेवायचा. वही उघडली की समोरचा माणूस सावध होतो. पुठ्ठ्याला कोण घाबरतो?

उपटसुंभ (मंगळवार, सकाळी ९:११)

म्हणजे आधी शर्ट घ्यायला हवेत. संशोधनाचा खर्च वाढतोय.

कानोसा (मंगळवार, दुपारी १:३०)

रेडिओसाठी माहितीपट करते, त्यामुळे रेकॉर्डिंग हा माझा प्रांत. अर्धी वही, ११ तास ऐकले कितीदा? सगळे पुन्हा ऐकणार असाल तर साधारण दुप्पट वेळ धरा, उतरवून काढणार असाल तर चौपट. म्हणून मी मुलाखत संपली की त्याच दिवशी, झोपायच्या आत, रेकॉर्डिंग न ऐकता एक पान लिहिते : काय आठवतंय, आणि ते कितव्या मिनिटाला होतं. स्मरणातून पहिल्या काही तासांतच सर्वांत जास्त गळती होते, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं. त्या पानावर जे उतरतं, बहुतेकदा लेखही त्यातूनच होतो.

आता ज्यावर माझं सगळ्यांशी भांडण होतं तो मुद्दा. आपोआप उतरवून देणारी सॉफ्टवेअर आली आहेत, मीही वापरते. पण ती दोन गोष्टी करतात. माणूस अडखळला, वाक्य अर्ध्यात सोडलं, तर ते सरळ करून टाकतात. आणि शांतता लांबली की काही वेळा कुणीच न बोललेलं वाक्य तिथे घालतात. नंतर तेच वाक्य अवतरणचिन्हात छापून येतं. म्हणून छापायचं प्रत्येक अवतरण कानाने ऐकून ताडायचं, याला पर्याय नाही.

शांतता कापू नका. तीही सामग्री आहे.

शंकासुर (मंगळवार, दुपारी २:१०)

अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी मुलाखतीत टिपणंही घ्यायचा नाही आणि टेपही लावायचा नाही. ऐकलेलं नव्वद टक्क्यांच्या वर आठवतं असा त्याचा दावा होता.

कानोसा (मंगळवार, दुपारी २:१६)

आणि त्या उरलेल्या टक्क्यांनी किती वाद झाले तेही सांगा की. त्याच्या 'इन कोल्ड ब्लड' या सत्यकथेच्या पुस्तकाच्या शेवटचा स्मशानातला प्रसंग तर घडलाच नव्हता.

धूळझाडू (मंगळवार, रात्री ८:५०)

ग्रंथालयात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं जुन्या नियतकालिकांच्या विभागात. पत्रकार येतात आणि विचारतात, "घड्याळांवर काही आहे का?" असं विचारलंत तर तुम्हाला घड्याळांचा इतिहास सांगणारी तीन पुस्तकं मिळतील, जी सगळ्यांनीच वाचलेली असतात. त्याऐवजी असं विचारा : दुरुस्तीच्या धंद्यातली माणसं आपसात काय वाचत होती? प्रत्येक धंद्याची व्यावसायिक मासिकं असतात, कारखान्यांचे सुट्या भागांचे कॅटलॉग असतात, शिकाऊ उमेदवारांसाठी छापलेल्या पुस्तिका असतात. बातम्यांपेक्षा मी जाहिराती आधी बघायला सांगते. बातमी लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहितोय याचं भान असतं, "अनुभवी कारागीर पाहिजे" अशी चार ओळींची जाहिरात देणाऱ्याला ते नसतं. अशा जाहिराती कोणत्या वर्षी दाट आहेत, कधी विरळ झाल्या, मोजा. ती मोजणी तुमची स्वतःची असेल, कुणाच्या संकेतस्थळावरून उचललेली नसेल.

शोधताना त्या काळचे शब्द वापरा. आपण आज ज्याला जे म्हणतो, ते तेव्हा म्हणत नव्हते. आणि स्कॅन केलेल्या अंकांत शब्द टाकून शोधलंत, काही सापडलं नाही, तर "काहीच नाही" असं समजू नका. जुन्या छपाईतली जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. एकाच शब्दाची चार चुकीची रूपं टाकून बघा. तरी नाही सापडलं तर पानं उलटा. लाकडाच्या लगद्यापासून केलेला जुना वर्तमानपत्री कागद आम्लामुळे आपोआप ठिसूळ होतो, हाताळताना कडा तुटतात. म्हणून मायक्रोफिल्म असेल तर आधी ती मागा. डोळे दुखतील, पण पान वाचेल.

जालावरचं गायब झालेलं पान हवं असेल तर इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन २००१ पासून सगळ्यांना खुलं आहे. नुसतं वाचायला नको, आपण ज्या पानाचा आधार घेतोय ते तिथे साठवूनही ठेवा. लेख छापून येईपर्यंत मूळ पान बदललेलं असू शकतं. आणि प्रत्येक टिपणावर तारीख, पान क्रमांक, कुठे पाहिलं ते लगेच लिहा. "नंतर लिहीन" म्हणणारे माझ्याकडे परत यायचे आणि म्हणायचे, "ते निळं पुस्तक होतं ना, डाव्या पानावर..."

उपटसुंभ (मंगळवार, रात्री ८:५८)

डावीकडचं निळं पुस्तक मीपण शोधतोय. सापडलं तर कळवा.

माऊचा_मालक (मंगळवार, रात्री ९:२०)

वाचनखूण साठवली. सरकारी कागद हवे असतील तर माहितीच्या अधिकाराचाही उल्लेख व्हावा. स्वीडनने असा कायदा १७६६ मध्ये केला, अमेरिकेने १९६६ मध्ये, आपल्याकडे २००५ मध्ये आला. आपल्याकडे उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, म्हणून अर्ज पहिल्या दिवशी टाकायचा आणि मुलाखती मग सुरू करायच्या. बरेच जण उलटं करतात. शिवाय "सर्व माहिती द्यावी" असं मोघम मागू नये. कोणत्या वर्षाची कोणती नोंदवही, तेवढंच मागावं.

टिकमार्क (बुधवार, सकाळी १०:२५)

पोटापाण्याचं काम : दुसऱ्यांच्या लेखातल्या चुका काढणं. धागाकर्त्याने "हाणा" म्हटलंय, तर सुरुवात करतो. माझी पद्धत जुनीच आहे. मसुदा कागदावर छापायचा आणि ज्या शब्दाला पुरावा आहे त्याच्यावर पेन्सिलीने बारीक टिक करायची. वाक्यावर नाही, शब्दावर. बिनटिकेचे शब्द उरतात तिथे लेखकाला फोन.

'१९६९' ला टिक. सेकोचं ॲस्ट्रॉन २५ डिसेंबर १९६९ ला विक्रीला आलं.

'३२,७६८' ला टिक नाही. आजच्या बहुतेक क्वार्ट्झ घड्याळांतला स्फटिक तेवढा कंप पावतो, बरोबर. दोनचा पंधरावा घात. पण तुम्ही म्हणताय "त्याच्या स्फटिकाने", म्हणजे त्या पहिल्या घड्याळाच्या. ॲस्ट्रॉनचा स्फटिक ८,१९२ वेळा कंप पावायचा. दोन्ही आकडे खरे, सांधा चुकला. चुका बहुतेक अशाच असतात. कुणी हवेतून आकडा काढत नाही, शेजारच्या वाक्यातला आकडा इकडे सरकतो.

'९० हजार कारागिरांपैकी ६० हजार' हा सर्वांत धोकादायक. १९७० च्या सुमारास ९० हजार आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ३० हजारांच्या थोडं वर, हे आकडे स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात काम करणाऱ्यांचे आहेत. एका देशाचे, आणि घड्याळं बनवणाऱ्यांचे. तुमचा लेख दुरुस्त करणाऱ्यांवर आहे. शिवाय सगळा दोष क्वार्ट्झवर टाकताय, त्या काळात त्या उद्योगावर चलनाच्या भावाचा आणि मंदीचाही मार होता. कोणताही आकडा उचलताना तीनच गोष्टी विचारायच्या : कुणी मोजलं, काय मोजलं, कशासाठी मोजलं. दुसऱ्या प्रश्नावरच तुमचं वाक्य पडतं.

'लिंकनच्या मृत्यूची वेळ', हे कुणी सांगितलं?

अर्धी वही (बुधवार, सकाळी ११:०३)

घाम फुटला. लिंकनचं पहिल्याच कारागिराने सांगितलं. टेपवर आहे, अगदी स्पष्ट.

टिकमार्क (बुधवार, सकाळी ११:३०)

टेपवर आहे म्हणजे "त्यांनी सांगितलं" याला टिक. "लिंकनच्या मृत्यूची वेळ" याला नाही. लिंकनला गोळी लागली १४ एप्रिल १८६५ च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास. तो जवळपासचा आकडा असल्यामुळेच ही दंतकथा टिकली असावी. पण मृत्यू झाला दुसऱ्या दिवशी सकाळी ७:२२ ला. केनेडींची हत्या, हिरोशिमाचा बॉम्ब असेही पाठभेद फिरतात. केनेडींना गोळी लागली दुपारी साडेबाराला आणि हिरोशिमावर बॉम्ब पडला सकाळी ८:१५ ला. शिवाय जुन्या जाहिरातींत ८:२० वर काटे ठेवलेली घड्याळंही भरपूर सापडतात. १०:१० ला काटे मधला छाप झाकत नाहीत आणि दोन्ही बाजूंना सारखे दिसतात, एवढंच त्यात आहे.

पण म्हणून हा तपशील फेकू नका! कारागिराने गिऱ्हाइकाला सांगायची गोष्ट म्हणून तो सोन्यासारखा आहे. फक्त तो त्यांच्या तोंडी राहू द्या, तुमच्या तोंडी नको.

जुना खिळा (बुधवार, दुपारी १२:१५)

८:१५ वरून आठवलं. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सीचा हिरोशिमावरचा लेख त्याच मिनिटापासून सुरू होतो, त्या क्षणी कोण काय करत होतं इथून. ३१ ऑगस्ट १९४६ चा न्यूयॉर्कर साप्ताहिकाचा अख्खा अंक त्या एका लेखाला दिला होता. हर्सी अनेक लोकांशी बोलला आणि लेखात घेतली फक्त सहा माणसं. अर्धी वही, तुमच्या "ढिगाचं काय करू" या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर मला माहीत नाही. जे लेखात आले नाहीत त्यांच्या मुलाखती वाया गेल्या नाहीत. त्या झाल्या होत्या म्हणून त्याला कळलं की ही सहा कोण असावीत.

शंकासुर (बुधवार, संध्याकाळी ६:००)

टिकमार्क, एक खोचक प्रश्न. एवढे तपासनीस असून मोठमोठे घोटाळे सुटतातच की. वॉशिंग्टन पोस्टच्या जॅनेट कूकने आठ वर्षांचा हेरॉइनग्रस्त मुलगा कल्पनेतून उभा केला, १९८१ मध्ये पुलित्झर मिळालं, परतही करावं लागलं. २०१८ मध्ये जर्मन साप्ताहिक डेर श्पीगेलच्या क्लास रेलोटियसचं बनावट लेखांचं प्रकरण. श्पीगेलचा तपासणी विभाग तर नावाजलेला. मग तुमच्या पेन्सिलीचा उपयोग काय?

टिकमार्क (बुधवार, संध्याकाळी ७:४५)

प्रश्न खोचक आहे पण रास्त आहे. पेन्सिल चूक पकडते, लबाडी पकडायला तिचा फारसा उपयोग नाही. तपासनीस नदीची लांबी तपासू शकतो, बंद खोलीत एका माणसाने काय म्हटलं ते नाही. दोन्ही प्रकरणं कशी उघड झाली बघा. कूक पकडली गेली ती त्या मुलामुळे नव्हे, स्वतःच्या शिक्षणाबद्दल मारलेल्या थापांमुळे. बक्षीस मिळाल्यावर तिचा परिचय छापून आला आणि तो जुळेना. रेलोटियसला पकडलं त्याच्याबरोबर एका लेखावर काम करणाऱ्या खुआन मोरेनोने. तो स्वतः त्या माणसांपर्यंत गेला आणि त्यांना विचारलं. त्याआधी अमेरिकेतल्या एका गावावर रेलोटियसने लिहिलं होतं. वेशीवर मेक्सिकन लोकांना हाकलणारी पाटी आहे वगैरे. गावकऱ्यांनी ते वाचलं तेव्हाच त्यांना माहीत होतं की अशी पाटी नाही.

म्हणजे खरा तपासनीस कोण, तर ज्याच्यावर लिहिलंय तो.

निमूट (बुधवार, रात्री ११:४८)

मी इथे फारसं लिहीत नाही. वरचं शेवटचं वाक्य वाचून लिहावंसं वाटलं.

माझे बाबा टाइपरायटर दुरुस्त करायचे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्यावर एक लेख आला होता. कुठे, कुणाचा, ते महत्त्वाचं नाही. लिहिणारा चांगला मुलगा होता, दोनदा येऊन बसला होता, बाबांना तो आवडलाही होता. लेख आला त्या दिवशी बाबांनी पाच अंक आणले. वाचले. मग काही न बोलता चार अंक कपाटात ठेवले आणि पाचवा घेऊन खिडकीशी बसले.

लेखात लिहिलं होतं, "सुरकुतलेल्या, थरथरत्या हातांनी ते एकेक टाइप बसवत होते." बाबांचे हात थरथरत नव्हते. कधीच नाही, शेवटपर्यंत नाही. ते मला म्हणाले, "हात थरथरणाऱ्याकडे मशीन कोण देईल?" त्या लेखानंतर खरंच कुणी मशीन देणं थांबवलं असं नाही, मशिनं तशीही कमीच येत होती. पण त्यांनी तो लेख कुणालाही दाखवला नाही. अंक अजून माझ्याकडे आहेत.

लेखात बाकी सगळं बरोबर होतं. तारखा, नावं, कंपन्या, सगळं.

उपटसुंभ (गुरुवार, सकाळी ८:०२)

आज विनोद नाही.

कानोसा (गुरुवार, सकाळी ९:३०)

निमूट, लिहिलंत ते बरं झालं.

अशा वेळी मी आता एक करते, छापण्याआधी फोन. पण फोनवर लेख वाचून दाखवत नाही, तपशील विचारते. "तुम्ही डावरे आहात ना? दिवा उजवीकडे असतो ना?" त्यातूनच माणूस म्हणतो, "हात थरथरतात? कुणाचे?"

माऊचा_मालक (गुरुवार, सकाळी १०:१०)

पण मग पूर्ण मसुदाच का दाखवू नये? त्यांच्याच आयुष्याबद्दल आहे.

जुना खिळा (गुरुवार, सकाळी ११:२०)

माऊ, पूर्ण मसुदा दाखवला की समोरच्याला वाटतं आपल्याकडे मंजुरीला आलाय. मग शेजाऱ्याबद्दलचं वाक्य जातं, भावाशी भांडण जातं, आणि उरतो तो सत्कार-समारंभातला परिचय. सत्तेतल्या माणसाला तर अजिबात दाखवायचा नाही. पण ज्याला छापून येण्याची सवय नाही, ज्याच्यामागे कुणी नाही, त्याला त्याची वाक्यं आणि त्याच्याबद्दलचे तपशील वाचून दाखवावेत, असं माझं मत उशिरा झालं. नोकरीत होतो तेव्हा मी दोघांनाही एकच नियम लावायचो आणि त्याला तत्त्व म्हणायचो.

अर्धी वही, वह्या मात्र लेख आल्यावरही फेकू नका. अमेरिकन पत्रकार जॅनेट माल्कमवर १९८४ मध्ये खटला झाला, अवतरणं खरी की बनावट यावर. काही वाक्यं टेपवर नव्हती आणि हाताने लिहिलेली वही सापडत नव्हती. १९९४ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. वही सापडली १९९५ मध्ये, घरातच.

उपटसुंभ (गुरुवार, सकाळी ११:२४)

निळी होती का?

अर्धी वही (रविवार, रात्री ९:१५)

मंडळी, चार दिवस गायब होतो. निमूट यांचा प्रतिसाद वाचून त्या रात्री वह्या काढल्या. अडीच वह्यांत 'हात' हा शब्द एकदाही नाही. पहिल्या कारागिराकडे मी तीन वेळा बसलो, त्यांच्या आयुष्यातली सालं सगळी लिहून घेतली, आणि हातांकडे एकदाही बघितलं नव्हतं. थरथरते हात कुठून आले मला माहीत नाही. बहुधा आधी वाचलेल्या लेखांमधून.

मग पुन्हा गेलो, रेकॉर्डर न घेता. (शर्टाचा पुठ्ठा घेतला होता, खरंच.) ते एका घड्याळाची हेअरस्प्रिंग बसवत होते. केसासारखी असते, फुंकरीने हलते. मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवलेली, चिमट्याचं टोक इतकं स्थिर की मला वाटलं ते थांबलेत. आणि मग लक्षात आलं, ते श्वास धरून बसले होते. स्प्रिंग बसली, श्वास सोडला, आणि मी पाच मिनिटांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथून पुढे सुरू केलं.

घरी येऊन जुनं रेकॉर्डिंग लावलं. कानोसाताई, मी ऐकताना सोपं जावं म्हणून त्यातल्या शांतता कापल्या होत्या. मूळ फाइल होती म्हणून वाचलो. मूळ फाइलमध्ये त्यांची वाक्यं तशीच तुटतात. दर वेळी मधे चिमटा ठेवल्याचा आवाज आहे आणि मग श्वास. मला वाटायचं त्यांना बोलायचा कंटाळा आलाय. लेख आता तिथून सुरू होतोय.

९० हजार आणि ६० हजार दोन्ही काढले. स्फटिकाचं वाक्यही गेलं. धूळझाडू, तुम्ही म्हणालात तशा जुन्या जाहिराती बघायला घेतल्यात. एका मासिकाचे दहा वर्षांचे अंक झाले. "कारागीर पाहिजे" कमी होत जातात, आणि त्याच पानावर "घड्याळ दुरुस्ती शिका" मात्र वाढत जातात, हे मला कुठेच वाचायला मिळालं नव्हतं. अर्थ अजून लागत नाही. लेखात तसंच लिहिणार आहे, अर्थ न लावता.

लिंकनबद्दल त्यांना सांगितलं, ७:२२ वगैरे. ते ज्यांच्याकडे शिकले त्यांनी सांगितलेली गोष्ट होती ती. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "खोटी असेल. पण ती सांगितली की गिऱ्हाईक जरा थांबतं."

संपादकांचा निरोप आलाय, १८०० नाही, १२०० शब्द द्या, जाहिरात वाढली.

शंकासुर (रविवार, रात्री ९:२२)

बाराशे चांगले. सांगितलं होतं, प्रबंध नव्हे.

टिकमार्क (रविवार, रात्री ९:३०)

'दहा वर्षांचे अंक' म्हणजे सगळे अंक, की सापडले तेवढे? मधले गहाळ असतील तर तसं लिहा.

अर्धी वही (रविवार, रात्री ९:३४)

सापडले तेवढे. लिहितो.

निमूट (रविवार, रात्री ९:५०)

लेख आला की इथे सांगाल का?

उपटसुंभ (रविवार, रात्री १०:१०)

वेळ साधण्यासाठी वीस मिनिटं थांबलोय, नोंद घ्यावी. मूळ प्रश्न : घड्याळ झालं का?

अर्धी वही (रविवार, रात्री १०:१६)

नाही. विचारलं मी. म्हणाले, "तुम्ही सारखे येऊन बसता, काम कधी करू?"